अमेरिकेतील प्राप्तिकर विवरणपत्रात अवलंबित म्हणून कोणाला दाखवता येते?
(कर वर्ष २०२५; अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी माहिती)

आपण दरमहा पाठवलेल्या पैशांवर पुण्याला किंवा नाशिकला आईवडिलांचा संपूर्ण खर्च चालत असेल, तर त्यांना अवलंबित म्हणून दाखवता येईल का, हा प्रश्न आम्हाला दरवर्षी सर्वाधिक विचारला जातो. दुर्दैवाने याचे उत्तर नकारार्थी आहे. अवलंबित व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा करदृष्ट्या रहिवासी, अथवा कॅनडा वा मेक्सिकोची रहिवासी असावी लागते. भारतात राहणारे आणि ग्रीन कार्ड नसलेले भारतीय नागरिक या अटीत बसत नाहीत, मग पाठवलेली रक्कम कितीही मोठी असो.

आईवडील येथे येऊन राहतात तेव्हा मात्र दिवस मोजावे लागतात. चालू वर्षातील सर्व दिवस, गेल्या वर्षातील दिवसांचा एकतृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षातील दिवसांचा एकषष्ठांश यांची बेरीज १८३ किंवा अधिक झाली आणि चालू वर्षात किमान ३१ दिवसांचा मुक्काम असला, तर पर्यटक व्हिसावर आलेली व्यक्तीही सर्वसाधारणपणे करदृष्ट्या रहिवासी ठरते. सलग दोन वर्षे प्रत्येकी १५० दिवस नातवंडांजवळ राहिलेल्या आजीआजोबांची बेरीज दुसऱ्या वर्षी २०० भरते. त्यांचे स्वतःचे वार्षिक उत्पन्न प्रत्येकी ५,२०० डॉलरपेक्षा कमी असेल आणि निम्म्याहून अधिक खर्च आपण करत असाल, तर प्रत्येकामागे ५०० डॉलरपर्यंतचे क्रेडिट, म्हणजे देय करातून थेट वजावट, मिळू शकते.

तरीही या ५०० डॉलरसाठी घाई करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. रहिवासी ठरलेल्या व्यक्तीचे भारतातील निवृत्तिवेतन, घरभाडे आणि मुदत ठेवींवरील व्याजही अमेरिकेच्या करकक्षेत येते, आणि परदेशातील खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर तिचा वेगळा अहवाल द्यावा लागतो. चालू वर्षात १८३ दिवसांपेक्षा कमी राहिलेले, घरसंसार भारतातच असलेले आणि ग्रीन कार्डसाठी अर्ज न केलेले आईवडील फॉर्म ८८४० (आपला अधिक जवळचा संबंध भारताशी असल्याचे सांगणारा अर्ज) मुदतीत भरून अनिवासी राहू शकतात. बहुतेक कुटुंबांना हाच मार्ग हिताचा ठरतो.

मुलांच्या बाबतीत सर्व काही सोशल सिक्युरिटी क्रमांकावर, म्हणजे अमेरिकी सरकार देत असलेल्या ओळख क्रमांकावर, अवलंबून असते. वर्षअखेरीस १७ वर्षे पूर्ण न झालेल्या प्रत्येक मुलामागे २,२०० डॉलरपर्यंतचे क्रेडिट मिळते. ३१ डिसेंबरला जन्मलेल्या बाळासाठीही ते पूर्ण वर्षाचे धरले जाते. मात्र मुलाकडे आणि पालकांपैकी किमान एकाकडे नोकरीसाठी वैध असा क्रमांक हवा, आणि तो विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी दिला गेलेला हवा. एच-४ व्हिसावरील (एच-१बीसारख्या व्हिसावर नोकरी करणाऱ्यांच्या जोडीदाराला व मुलांना मिळणारा व्हिसा), केवळ आयटिन (सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळू न शकणाऱ्यांना करापुरता दिला जाणारा क्रमांक) असलेल्या मुलासाठी ५०० डॉलरच मिळतात. ग्रीन कार्डच्या प्रक्रियेत मुलाचा क्रमांक लवकरच येण्याची शक्यता असेल, तर १५ एप्रिलपूर्वी मुदतवाढ मागून १५ ऑक्टोबरपर्यंत थांबणे योग्य, कारण उशिरा मिळालेल्या क्रमांकाच्या आधारे मागील वर्षाचा दावा करता येत नाही.

पती किंवा पत्नी कायद्याने कधीच अवलंबित नसते. क्रमांक नसल्यास तिच्या किंवा त्याच्यासाठी आयटिन घेऊन संयुक्त विवरणपत्र भरावे.

पाळणाघराच्या खर्चावरील क्रेडिट १३ वर्षांखालील मुलांसाठी असते, आणि त्यासाठी एका मुलामागे ३,००० व दोन किंवा अधिक मुलांमागे ६,००० डॉलरपर्यंतचा खर्च धरला जातो. संयुक्त विवरणपत्रात दोघांचीही कमाई असावी लागते. त्यामुळे जोडीदार एच-४ वर असून कामाचा परवाना नसेल, तर तो किंवा ती पूर्णवेळ विद्यार्थी किंवा स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ असल्याखेरीज हे क्रेडिट मिळत नाही.

आयटिनसाठीचा डब्ल्यू-७ अर्ज सहसा विवरणपत्रासोबतच जातो. अवलंबितांच्या पारपत्रावर अमेरिकेत प्रवेश केल्याची तारीख नसेल, तर केवळ पारपत्र पुरत नाही. लहान मुलांसाठी शाळेची किंवा दवाखान्याची नोंद जोडावी लागते. मूळ पारपत्र टपालाने पाठवण्याऐवजी अधिकृत स्वीकृती प्रतिनिधीकडून (आयटिन अर्जाची कागदपत्रे तपासण्यास अमेरिकी कर विभागाने मान्यता दिलेली व्यक्ती) ते तपासून घ्यावे, म्हणजे अचानक भारतात जावे लागल्यास अडचण येत नाही.