रग्बीचा पगारी पंच : शिट्टीपासून बंकरपर्यंत

ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात पंच म्हटले की आधी कबड्डीचा पंच आठवतो. घणसोली, कोपरखैरणे, कळवा अशा ठिकाणच्या रात्रीच्या सामन्यांत शिट्टी वाजवणारा हा माणूस दिवसा शाळेत क्रीडाशिक्षक असतो, नाहीतर बँकेत किंवा महापालिकेत नोकरीला. पंचगिरीचे मानधन प्रवासात आणि जेवणाखाण्यात संपते. रग्बीच्या पंचाला मात्र करार, महिन्याचा पगार, फिटनेसचा प्रशिक्षक असे सगळे मिळते, हे ऐकून इथल्या क्रीडाशिक्षकांना नवल वाटते, थोडा हेवाही वाटतो. ही पगारी नोकरी जेमतेम पंचवीस-तीस वर्षांची आहे. आणि पगार सुरू झाला त्याच काळात पंचाच्या हातून शेवटचा शब्द निसटू लागला, हे हेवा करणाऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही.

एकोणिसाव्या शतकाबद्दल थोडक्यात. १८७१ मध्ये एडिनबरोत पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, तेव्हा वाद आधी कर्णधारांनी आपसात मिटवायचे आणि नाहीच मिटले तर अंपायरकडे जायचे, अशी रीत होती. १८८४ च्या इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यात एका ट्रायवरून (ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणे) इतके बिनसले की पुढच्या वर्षी दोघे एकमेकांशी खेळलेच नाहीत. त्या भांडणातून १८८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मंडळ उभे राहिले. याच सुमारास पंचाच्या हाती शिट्टी आली आणि १८९० च्या दशकात खेळाडूंनी अपील करण्याची पद्धत मोडीत निघाली. मैदानावर पंच एकटा सर्वेसर्वा झाला. कडेच्या दोघांकडे झेंडे आणि टचलाइन एवढेच उरले.

एकट्याची दमछाक लगेच दिसली. डिसेंबर १९०५ मध्ये कार्डिफला वेल्सने न्यूझीलंडला ३-० असे हरवले, तेव्हा न्यूझीलंडच्या एका खेळाडूने चेंडू रेषेवर टेकवला की अलीकडे, हा वाद शंभर वर्षांनंतरही शमलेला नाही. पंच रोजच्या कपड्यांत मैदानात उतरला होता आणि खेळाच्या बराच मागे पडला होता. १९२५ मध्ये ट्विकनहॅमला आंतरराष्ट्रीय सामन्यात पहिल्यांदा एका खेळाडूला बाहेर काढले गेले. त्या दिवशीची शिट्टी न्यूझीलंडच्या पामर्स्टन नॉर्थमधल्या संग्रहालयात आहे आणि दर विश्वचषकाच्या पहिल्या सामन्याला ती तिथून मागवली जाते. पंचाच्या शब्दाला त्या काळी किती वजन होते, ते यावरून कळावे.

हे सगळे बिनपगारी. डॉक्टर, शिक्षक, पोलीस, वकील शनिवारी शिट्टी घेऊन उतरत आणि सोमवारी कामावर जात. तटस्थ देशाचा पंच हवा, हा आग्रहसुद्धा बराच उशिरा आला. १९७१ मध्ये ब्रिटिश-आयरिश लायन्स (ब्रिटन-आयर्लंडचा एकत्रित संघ) न्यूझीलंडला गेले, तेव्हा चारही कसोटींना एकच पंच होता आणि तो न्यूझीलंडचाच होता. मालिका पाहुण्यांनी जिंकली, त्यामुळे त्यावर फारशी ओरड झाली नाही. निकाल उलटा लागता तर काय झाले असते, याची कल्पना करायला फार डोके लागत नाही.

हौशी जमान्याचा शेवट एका घड्याळाने झाला असे म्हणता येईल. १९९५ चा विश्वचषक दक्षिण आफ्रिकेत होता. डर्बनच्या उपांत्य सामन्यात धो धो पाऊस पडला, खेळ उशिरा सुरू झाला, आणि शेवटच्या मिनिटांत फ्रान्सचा एक खेळाडू रेषेच्या वीतभर अलीकडे अडला. पंचाने ट्राय दिला नाही. यजमान १९-१५ असे जिंकले आणि पुढे विश्वविजेते झाले. अंतिम सामन्यानंतरच्या मेजवानीत यजमान संघटनेच्या प्रमुखाने त्या उपांत्य सामन्याच्या पंचाला जगातला सर्वोत्तम पंच म्हणून सोन्याचे घड्याळ देऊ केले. अख्ख्या सभागृहासमोर संशयाचे बोट त्या बिचाऱ्याकडे वळले. तो अवघडून बाहेर निघून गेला. त्याने काही वावगे केल्याचे कुणी कधी दाखवलेले नाही, पण घड्याळ कायमचे चिकटले.

दोन महिन्यांनी, ऑगस्ट १९९५ मध्ये, पॅरिसमध्ये रग्बी युनियन व्यावसायिक झाल्याचे जाहीर झाले. खेळाडूंचे पगार ताबडतोब सुरू झाले. पंचांचे त्यानंतर, देशागणिक वेगवेगळ्या वेळी. आधी मोजके पंच पूर्णवेळ घेतले गेले, मग राष्ट्रीय संघटनांनी त्यांची छोटी पथके केली. नोकरी म्हटल्यावर नोकरीचे सगळे आले. सामन्यात सहा-सात किलोमीटर धावावे लागते म्हणून फिटनेसच्या चाचण्या, आठवडाभर चित्रफितींचा अभ्यास, प्रत्येक शिट्टीचे मूल्यमापन, आणि त्या मूल्यमापनावर पुढच्या नेमणुका. अंगावर माइक आला आणि पंच खेळाडूंशी काय बोलतो ते घरबसल्या ऐकू येऊ लागले. काही पंच त्यामुळे लोकप्रिय झाले. कसोटींचे शतक गाठणारा पहिला पंच वेल्सचा होता, आणि त्याची मैदानावरची हजरजबाबी वाक्ये सामन्यांपेक्षा जास्त पाहिली जातात.

धोकाही वाढला. ऑगस्ट २००२ मध्ये डर्बनलाच एक प्रेक्षक मैदानात घुसून पंचावर तुटून पडला आणि पंचाचा खांदा निखळला.

व्हिडिओ पंच, म्हणजे टीएमओ, २००१ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत आला. प्रो कबड्डीतला रिव्ह्यू पाहिलेल्यांना यात नवे काही वाटणार नाही. फरक एवढाच की रग्बीत कशाकशासाठी विचारायचे याची हद्द आखलेली होती. सुरुवातीला फक्त ट्राय झाला की नाही, तेवढेच विचारता यायचे. म्हणून २००७ च्या विश्वचषकात फ्रान्सने न्यूझीलंडला २०-१८ असे घरी पाठवले, तेव्हा निर्णायक ट्रायआधीचा पुढे गेलेला पास (रग्बीत हाताने पास पुढे देता येत नाही) पंचाला दिसला नाही आणि कुणाला विचारण्याची सोयही नव्हती. पंच २८ वर्षांचा होता, पेशाने बॅरिस्टर. त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या.

पगारी पंचाच्या इतिहासात एकच सामना निवडायचा तर मी १८ ऑक्टोबर २०१५ चा निवडेन. ट्विकनहॅम, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, ऑस्ट्रेलिया विरुद्ध स्कॉटलंड. दोनेक मिनिटे बाकी, स्कॉटलंड ३४-३२ ने पुढे, पाऊस. स्कॉटलंडचा स्वतःच्याच हद्दीतला लाइनआउट (कडेच्या रेषेवरून चेंडू आत फेकून होणारी सुरुवात) लांब पडला, चेंडू त्यांच्या एका खेळाडूला लागून पुढे उडाला आणि पुढे उभ्या असलेल्या त्यांच्याच दुसऱ्या खेळाडूने तो पकडला. दक्षिण आफ्रिकेच्या पंचाने क्षणात पेनल्टी दिली : सहकाऱ्याच्या नॉक-ऑननंतर (चेंडू त्याला लागून पुढे उडाल्यावर) ऑफसाइड, म्हणजे त्याच्या पुढे, असताना चेंडू खेळला. ऑस्ट्रेलियाने किक मारली, ३५-३४. शेवटची शिट्टी झाली आणि पंच कुणाशी हात न मिळवता बोगद्याकडे धावत सुटला.

गोम अशी की मधल्या त्या निमिषात ऑस्ट्रेलियाच्या एका खेळाडूचा हात चेंडूला लागला होता. प्रतिस्पर्ध्याने जाणूनबुजून चेंडू खेळला तर ऑफसाइड असलेला माणूस ऑनसाइड होतो. तसे धरले तर पेनल्टी चुकीची; मूळ नॉक-ऑनबद्दल ऑस्ट्रेलियाला स्क्रम (दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांना भिडून, रेटून चेंडू मिळवतात ती झुंज), एवढेच. पण तो स्पर्श जाणूनबुजून होता की चेंडू हातावर आदळला? संथ चित्रफितीत हात चेंडूकडे जाताना दिसतो. पूर्ण वेगात तीन-चार शरीरे एकमेकांत अडकलेली दिसतात आणि चेंडू दोनदा दिशा बदलतो, एवढेच. स्कॉटलंडचे खेळाडू टीएमओला विचारा म्हणून विनवत होते. पंचाने विचारले नाही, आणि इथेच सर्वात जास्त गैरसमज आहे. विचारता येतच नव्हते. तोवर हद्द थोडी वाढली होती, तरी ट्राय, किक आणि धोकादायक खेळ यांपलीकडे ती गेली नव्हती. मोकळ्या खेळातला ऑफसाइड तिच्यात बसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आंतरराष्ट्रीय संघटनेने जाहीर निवेदन काढले. पंचाने नियम अमुक लावला, लावायला हवा होता तमुक. स्क्रम योग्य होता. त्याच निवेदनात टीएमओला विचारण्याची मुभा नव्हती हेही मान्य केले होते. म्हणजे ज्याला साधन दिले नाही, त्याला साधन असते तर काय दिसले असते यावरून जगासमोर चूक ठरवले. त्याआधी अशी पुनरावलोकने बंद दाराआड होत आणि संबंधित पंचाला कळवली जात. या माणसाने चार वर्षांपूर्वीचा अंतिम सामना सांभाळला होता. पुढे उपांत्य आणि अंतिम सामन्यांच्या नेमणुका झाल्या, त्यांत प्रमुख पंच म्हणून त्याचे नाव नव्हते. पारदर्शकता म्हणून अनेकांनी निवेदनाचे कौतुक केले. मला ते मालकाने नोकराला चव्हाट्यावर उभे करणे वाटते. पळत सुटणे शोभले नाही हे खरे, पण स्टँडमधून बाटल्या येत असतील तर सभ्यपणाची अपेक्षा दोन्हीकडून करावी.

या निर्णयाची सावली पुढच्या प्रसंगावर पडली असे मानायला जागा आहे. जुलै २०१७, ऑकलंडचे ईडन पार्क, लायन्स आणि न्यूझीलंड यांची निर्णायक तिसरी कसोटी, १५-१५ अशी बरोबरी, दोन मिनिटे बाकी. पुन्हा तसाच चेंडू पुढे उडाला, पुन्हा पुढे असलेल्या खेळाडूने तो धरला आणि चटका बसल्यासारखा सोडून दिला. फ्रेंच पंचाने पेनल्टीची शिट्टी मारली. मग हवेतली धडक तपासण्याच्या निमित्ताने चित्रफीत पाहिली, सहाय्यकांशी बोलला आणि निर्णय बदलला : ऑफसाइड अनवधानाने झाला, म्हणून स्क्रम. मालिका बरोबरीत सुटली. न्यूझीलंडमध्ये आजही त्याला माफी नाही. दोन वर्षांपूर्वी न विचारणारा दोषी ठरला होता, आता विचारणारा.

प्रशिक्षकांचीही भीड चेपली. २०२१ च्या लायन्स दौऱ्यात पहिली कसोटी हरल्यावर दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संचालकाची पंचाच्या निर्णयांची चिरफाड करणारी ६२ मिनिटांची चित्रफीत बाहेर आली. दोन महिने रग्बीतून बंदी आणि पुढच्या सप्टेंबरअखेरपर्यंत सामन्याच्या दिवशीच्या कामांतून बंदी, अशी शिक्षा त्याला झाली. पंचाची जी नाचक्की व्हायची ती चार महिने आधी होऊन गेली होती.

२०२३ मध्ये बंकर आला. मैदानावरचा पंच संशयास्पद टॅकलला पिवळे कार्ड दाखवतो, आणि दूर पडद्यासमोर बसलेला अधिकारी आठ मिनिटांत ते लाल करायचे का ते ठरवतो. त्या वर्षीच्या विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू झाला. न्यूझीलंडच्या कर्णधाराचे पिवळे कार्ड बंकरने लाल केले. पुरुषांच्या अंतिम सामन्यातले हे पहिले लाल कार्ड. न्यूझीलंडचा एक ट्रायही रद्द झाला, तोही टीएमओने प्रोटोकॉलमधल्या मर्यादेपेक्षा जास्त मागे जाऊन दाखवलेल्या नॉक-ऑनमुळे. दक्षिण आफ्रिका १२-११ ने जिंकली. मधोमध शिट्टी घेऊन उभा होता २००७ चाच तो बॅरिस्टर, त्याच्या विक्रमी १११ व्या कसोटीत. सामना फिरवणारे दोन्ही निर्णय त्याने स्वतः पाहून दिलेले नव्हते, शिव्या मात्र त्यालाच पडल्या आणि त्याच्या बायकोलाही. काही दिवसांत तो निवृत्त झाला. साधारण महिनाभराने त्या सामन्याचा टीएमओही शिवीगाळीला कंटाळून आंतरराष्ट्रीय सामन्यांपासून बाजूला झाला.

त्याच विश्वचषकात टीएमओंच्या चमूत एक स्त्री होती. पुरुषांच्या विश्वचषकात हे प्रथमच घडले. पगारी व्यवस्थेने जे बरे केले त्यात याची नोंद घ्यायला हवी : हौशी काळात पंचांची निवड क्लबांच्या ओळखीपाळखीतून व्हायची, आता निदान चाचण्या आणि गुण कागदावर असतात.

भारतातला रग्बी जुना आहे. इंग्लंड-स्कॉटलंड ज्यासाठी दरवर्षी खेळतात तो कलकत्ता कप १८७८ मध्ये बंद पडलेल्या कलकत्त्याच्या क्लबच्या शिलकी चांदीच्या रुपयांतून घडवला होता. पण राष्ट्रीय संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला १९९८ मध्ये, आणि पुरुषांच्या विश्वचषकात आजवर एकही भारतीय पंच शिट्टी घेऊन उतरलेला नाही. इथे पंधरा जणांचा सामना मिळणेच कठीण. वाशी-नेरुळच्या मुलाला तो पाहायचा असेल तर पावसाळ्यात हार्बर लाइनने सीएसएमटी गाठून आझाद मैदानाशेजारच्या जिमखान्यापर्यंत जावे लागते. बाकी सगळा कारभार सेव्हन्सचा, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीचा : २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये, जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात सहा फ्रँचायझी संघांची लीग.

सेव्हन्सचा पंच वेगळा घडतो. सात-सात मिनिटांचे दोन डाव, दिवसभरात कित्येक सामने, आणि स्क्रममध्ये तीनच जण. कबड्डीत मुरलेल्या पंचाची नजर इथे चटकन बसते, पाय मात्र बसत नाहीत. नियमांची परीक्षा इंटरनेटवर फुकट देता येते आणि पहिल्या पायरीचा अभ्यासक्रम छोटा आहे. त्यानंतर सामने हवेत, भरपूर आणि दर आठवड्याला, आणि ठाण्यात किंवा नवी मुंबईत तेवढे अजून होत नाहीत.