विकिशिष्टाचार

विकिपीडियासारख्या सामूहिक ऑनलाइन ज्ञानकोशात लेखन-संपादन करताना बदल कसे नोंदवावेत आणि इतर संपादकांशी कसे वागावे, याविषयी रूढ झालेल्या संकेतांना विकिशिष्टाचार म्हणतात. यांतले थोडे संकेत लेखी धोरणांत आले आहेत, काहींना मार्गदर्शक तत्त्वांचा दर्जा आहे आणि उरलेले बरेचसे वहिवाटीने चालतात. नवा संपादक बहुधा इथेच अडखळतो. ‘संपादन’ ही कळ प्रत्येकाला दिसते, वहिवाट मात्र दिसत नाही.

या संकेतांचे मूळ माणसांच्या सौजन्यापेक्षा विकीच्या, म्हणजे वाचकांनाच संपादता येणाऱ्या संकेतस्थळाच्या, यंत्रणेत शोधणे अधिक योग्य ठरते. विकीवर पानाची प्रत्येक आवृत्ती ‘इतिहास’ या सदरात साठून राहते आणि झालेली चूक क्षणात परतवता येते. त्यामुळे अनोळखी माणसावर आधी विश्वास टाकून त्याचे लेखन नंतर तपासणे परवडते. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाला किंवा वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाला ही सवलत नव्हती. तिथे नोंद छापखान्यात जाण्याआधी संपादकांच्या नजरेखालून जात असे. विकीवर आधी प्रकाशन आणि मग तपासणी, असा क्रम असतो.

उगम आणि कालनिश्चिती : पहिला विकी वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी सुरू केला. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडियाचा आरंभ केला. त्याआधीच्या न्यूपीडिया या त्यांच्याच प्रकल्पात प्रत्येक लेख सात टप्प्यांच्या तपासणीतून जाई. २००३ मध्ये तो प्रकल्प बंद पडला, तेव्हा पूर्ण झालेले लेख जेमतेम दोन डझनांच्या घरात होते. नवागताला आजही दिला जाणारा ‘धीटपणे बदल करा’ हा सल्ला २००१ पासूनचा आहे. न्यूपीडियाच्या संथपणाची ती प्रतिक्रिया असावी, असे मानायला जागा आहे. तटस्थ दृष्टिकोनाचे धोरणही त्याच वर्षीचे असून त्याची बीजे न्यूपीडियाच्या निःपक्षपातीपणाविषयीच्या नियमांत होती.

‘सद्भाव गृहीत धरा’ हा या साऱ्या संकेतांचा कणा. त्याच्या उगमाविषयी मात्र एकमत नाही. एका मतानुसार तो इंटरनेटवरील जुन्या शिष्टाचाराचा वारसा आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये निघालेल्या ‘आरएफसी १८५५’ या इंटरनेट-शिष्टाचारविषयक दस्तऐवजात, पाठवताना काटेकोर राहा आणि स्वीकारताना उदार राहा, अशा आशयाचा सल्ला आहे. तो सल्ला मुळात इंटरनेटच्या पायाभरणीतील संशोधक जॉन पोस्टेल यांचा असून १९८० च्या सुमारास संगणकांनी एकमेकांशी संदेशांची देवाणघेवाण कशी करावी, याच्या तांत्रिक विनिर्देशांत तो आला होता. यंत्रांसाठी केलेला नियम पंधरा वर्षांनी माणसांच्या पत्रव्यवहाराला लागू झाला आणि तिथून विकीवर आला, असे या मताचे म्हणणे. दुसरे मत सुनीर शाह यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या मीटबॉलविकीकडे बोट दाखवते. ऑनलाइन समुदाय कसे टिकतात आणि कशाने मोडतात, हाच त्या विकीचा विषय होता. चांगल्या कामाबद्दल संपादकांनी एकमेकांना ‘बार्नस्टार’ देण्याची प्रथा २००३ च्या अखेरीस तिथूनच विकिपीडियावर आली, ही गोष्ट या मताला बळ देते. विकिपीडियाचे अभ्यासक जोसेफ रीगल यांनी वेगळी मांडणी केली आहे. तटस्थ दृष्टिकोन ही ज्ञानाविषयीची भूमिका आणि सद्भाव ही माणसांविषयीची भूमिका. परस्परविरोधी मतांची माणसे एकाच लेखावर काम करू शकतात ती या दोहोंच्या जोडीमुळे, असे ते मानतात.

कालनिश्चितीत एक तांत्रिक अडचण आहे. पहिल्या वर्षी विकिपीडिया यूजमॉडविकी या प्रणालीवर चाले आणि तीत जुन्या आवृत्त्या ठरावीक मुदतीनंतर पुसल्या जात. जानेवारी २००२ मध्ये मॅग्नस मान्स्के यांनी लिहिलेली नवी प्रणाली आली, तेव्हा इतिहास कायमचा साठवण्याची सोय भक्कम झाली. आरंभीच्या महिन्यांतील नोंदी हरवल्या असे बरीच वर्षे समजले जाई; डिसेंबर २०१० मध्ये विकीप्रणालीचे एक विकासक टिम स्टार्लिंग यांना त्या काळातील जतन केलेल्या प्रती सापडल्या. त्यामुळे २००१ मधील धोरणांच्या जुन्या तारखा सावधपणे वापरायला हव्यात. सद्भावाचे स्वतंत्र पान सामान्यतः २००४ च्या सुमाराचे मानतात, म्हणजे कायमचा इतिहास उपलब्ध झाल्यानंतरचे. यंत्रणेने विश्वास स्वस्त केला आणि मग त्याचा नियम झाला, ही उपपत्ती या क्रमाशी जुळते. बाहेरून आलेल्या प्रभावांनी तिला शब्द पुरवले असावेत.

बदलांचा आढावा : नव्या संपादकाने अंगी बाणवण्याच्या सवयींत आपल्या बदलाचा आढावा लिहिणे ही पहिली मानावी. संपादनखिडकीच्या खाली एक छोटी चौकट असते. काय बदलले आणि का, हे तिथे एका ओळीत लिहायचे असते. ती रिकामी सोडल्याने काय होते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. कळसूबाई शिखराची उंची लेखात १,६४६ मीटर दिलेली आहे. नव्या खात्यावरून कोणीतरी ती १,६४० केली आणि आढावा रिकामा ठेवला. ‘अलीकडील बदल’ पाहणाऱ्या सदस्याला फक्त एवढेच दिसते : नवे खाते, एक आकडा बदललेला, कारण दिलेले नाही. आकडे गुपचूप बदलणे हा उत्पाताचा, म्हणजे मुद्दाम केलेल्या नासधुशीचा, ओळखायला अवघड प्रकार असल्यामुळे अनुभवी सदस्य तो बदल बहुधा लगेच परतवतो. त्याच संपादकाने ‘अमुक नकाशाप्रमाणे उंची दुरुस्त केली, संदर्भ जोडला’ असे लिहिले असते, तर तपासणारा आधी तो संदर्भ उघडून पाहतो. आकडा चूक निघालाच, तरी संशयाऐवजी चर्चापानावरचे (लेखाला जोडलेल्या चर्चेच्या पानावरचे) उत्तर वाट्याला येते.

‘झलक’ पाहून मगच बदल प्रकाशित करणे, दहा किरकोळ दुरुस्त्या दहा वेळा जतन न करता एकत्र करणे आणि केवळ शुद्धलेखन सुधारले असेल तेव्हाच ‘छोटा बदल’ अशी खूण करणे, हे त्याच सवयीचे भाग होत. आशयातला बदल ‘छोटा’ म्हणून नोंदवला तर तो लपवाछपवीसारखा दिसतो. प्रयोगांसाठी धूळपाटी हे सरावाचे पान आहे.

बदल परतवला गेल्यास : बदल करावा, कोणी तो परतवला तर पुन्हा तोच न करता चर्चेला बसावे, असा क्रम इंग्रजी विकिपीडियावर २००५ च्या सुमारास सूत्ररूपाने मांडला गेला. त्याआधी २००४ मध्ये तिथे तीनदा परतवण्याची मर्यादा घालण्यात आली : चोवीस तासांत एकाच पानावर तीनहून अधिक वेळा दुसऱ्याचे बदल परतवणाऱ्या सदस्याचे खाते काही काळ रोधित होऊ शकते. ही मर्यादा म्हणजे तीन वेळांचा हक्क नव्हे. हा गैरसमज जुन्या सदस्यांतही आढळतो, म्हणून तो इथे मुद्दाम नोंदवला आहे.

चर्चापाने : नवा विषय पानाच्या तळाशी मांडतात, उत्तर मूळ मजकुराखाली थोडे आत सरकवून लिहितात आणि शेवटी सही करतात. ओळीने चार नागमोडी रेघा टंकल्या की सदस्यनाव आणि वेळ आपोआप उमटते. इंग्रजी विकिपीडियावर ही वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. भारतात पहाटे तीन वाजता लिहिलेल्या मजकुरावर तिथे आदल्या दिवशीची तारीख दिसते ती यामुळे. दुसऱ्याने लिहिलेले वाक्य, त्यातले शुद्धलेखन चुकले असले तरी, सुधारत नाहीत. टीका मजकुरावर करतात, लिहिणाऱ्यावर नाही. मराठी विकिपीडियावर अनोळखी सदस्याला ‘आपण’ किंवा ‘तुम्ही’ म्हणतात. नवखा सदस्य वयाने लहान आहे असे वाटले तरी अरेतुरे करू नये.

संदर्भ, प्रताधिकार आणि हितसंबंध : तटस्थता, पडताळणी आणि स्वतःचे नवे संशोधन न मांडणे ही आशयविषयक धोरणे आहेत, त्यांचा तपशील स्वतंत्र नोंदींचा विषय. शिष्टाचाराशी त्यांचा संबंध असा, की पुरावा देण्याची जबाबदारी मजकूर घालणाऱ्याची असते आणि ‘संदर्भ हवा’ हा साचा (तयार सूचना) लावणे म्हणजे कोणावर आरोप करणे नव्हे. हयात व्यक्तींच्या बाबतीत सावधगिरी सर्वांत कडक आहे. २००५ मध्ये अमेरिकी पत्रकार जॉन सिगेन्थॉलर यांच्याविषयीच्या लेखात त्यांना केनेडी हत्येशी जोडणारा खोटा मजकूर चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून इंग्रजी विकिपीडियावर नोंदणी न केलेल्यांना नवे लेख तयार करता येईनासे झाले.

मराठीत नवागतांच्या हातून होणारी नेहमीची चूक म्हणजे छापील कोशातून किंवा वर्तमानपत्रातून उतारेच्या उतारे चिकटवणे. भारतीय कायद्यानुसार सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे प्रताधिकार टिकतो. केतकरांचे निधन १९३७ चे, म्हणून त्यांचे स्वतःचे लेखन मुक्त झाले आहे. तरीही ते उद्धृत करताना श्रेय द्यावे, आणि शंभर वर्षांपूर्वीची माहिती आजची म्हणून खपवू नये. गोवा विद्यापीठाने कोकणी विश्वकोशाचे खंड २०१३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली खुले केले. ज्या कोशांबाबत असा खुलेपणा जाहीर झालेला नाही, त्यांतला मजकूर स्वतःच्या शब्दांत मांडून संदर्भ देणे एवढीच वाट आहे. दुसऱ्या भाषेतील विकिपीडियावरून अनुवाद केला, तर मूळ लेखाचे नाव आढाव्यात लिहिणे परवान्याच्या दृष्टीने आवश्यक असते. यंत्राने केलेला अनुवाद न वाचता प्रकाशित करणे ही वाचकाची उपेक्षा होय. तसा लेख दुरुस्त करणाऱ्याला अनेकदा तो नव्याने लिहिण्याहून जास्त कष्ट पडतात.

स्वतःविषयी, आपल्या संस्थेविषयी, गुरूंविषयी किंवा गावच्या पुढाऱ्याविषयी लेख लिहिण्याचा मोह टाळावा. चर्चापानावर माहिती आणि संदर्भ ठेवून दुसऱ्याला लिहू द्यावे. मोबदला घेऊन संपादन करणाऱ्याने तसे जाहीर करणे २०१४ पासून वापराच्या अटींनुसार बंधनकारक आहे.

नवागतांशी वर्तन : शिष्टाचाराची दुसरी बाजू जुन्या सदस्यांवर येते. ‘नवागतांना चावू नका’ हे मार्गदर्शक तत्त्व २००३-०४ च्या सुमारास इंग्रजी विकिपीडियावर आले. त्याची किती गरज होती, हे पुढे दिसले. इंग्रजी विकिपीडियावरील सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिखरावर पोचून घसरू लागली. आरन हाफाकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या घसरणीचा संबंध उत्पात रोखणाऱ्या स्वयंचलित साधनांशी आणि ताठर होत गेलेल्या नियमांशी जोडला आहे. सद्हेतूने आलेल्या नवख्यांचे बदलही झपाट्याने परतवले जाऊ लागले आणि ते पुन्हा फिरकले नाहीत. लिहिण्याजोगे विषयच संपत आले हे दुसरे स्पष्टीकरण अधूनमधून दिले जाते; पण लहान भाषांतील विकिपीडियांकडे पाहता ते अपुरे वाटते. २०१२ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर नवागतांच्या शंकांसाठी ‘टीहाउस’ हे पान सुरू झाले, तेही याच काळजीतून.

मराठी विकिपीडिया : हा मे २००३ मध्ये सुरू झाला. सार्वजनिक चर्चेसाठी चावडी, मतनोंदणीसाठी कौल, देखरेखीसाठी प्रचालक आणि यांत्रिक कामांसाठी सांगकामे (आपोआप चालणारे प्रोग्राम) अशी त्याची रचना आहे. संपादकवर्ग छोटा असल्यामुळे इथे वाद नियमांपेक्षा ओळखीपाळखीने मिटतात. नवख्याला मात्र त्या ओळखी नसतात, म्हणून परतवलेल्या बदलाचे कारण लिहिणे इथे अधिकच गरजेचे आहे. अनेक नवे संपादक जानेवारीतील भाषा पंधरवड्यात किंवा २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनानिमित्त महाविद्यालयांत होणाऱ्या कार्यशाळांतून येतात. एका इंटरनेट जोडणीवरून चोवीस तासांत साधारणपणे सहाच खाती उघडता येतात. सातव्या विद्यार्थ्याचे खाते अडले की अर्धी कार्यशाळा तिथेच खर्ची पडते. आयोजकांनी मर्यादा शिथिल करण्याची विनंती आधीच करावी किंवा विद्यार्थ्यांना घरूनच खाते उघडून यायला सांगावे. एकाच खात्यावरून सगळ्या वर्गाने लिहिणे नियमाविरुद्ध आहे.

चरित्रलेखांत आदरार्थी बहुवचन वापरावे की एकवचन, नावापुढे उपाधी असाव्यात की नसाव्यात, हे वाद मराठीत वारंवार उद्भवतात. कोशीय लेखनात उपाधी एकदा नोंदवून पुढे साधे नाव वापरणे बरे. क्रियापदाचे वचन लेखात सुरुवातीपासून जे असेल तेच शेवटपर्यंत ठेवावे आणि केवळ तेवढ्यासाठी दुसऱ्याचा लेख बदलत बसू नये.

सार्वत्रिक आचारसंहिता : विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानने २०२१ च्या आरंभी सर्व भाषांतील प्रकल्पांना लागू होणारी आचारसंहिता जाहीर केली. छळ, धमकी, खाजगी माहिती उघड करणे आणि ज्ञानकोशाची हेतुपुरस्सर नासधूस तीत निषिद्ध ठरवली आहे. तिच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणारी समिती २०२४ मध्ये निवडून आली. तक्रार आधी स्थानिक पातळीवर, म्हणजे संबंधित सदस्याच्या चर्चापानावर, मग चावडीवर किंवा प्रचालकांकडे मांडायची असते. स्थानिक व्यवस्था अपुरी पडली तरच प्रकरण या समितीकडे नेता येते. धमकीचा किंवा खाजगी माहितीचा मामला असेल तेव्हा मात्र सार्वजनिक पानावर काहीही न लिहिता ईमेलने कळवतात : धमकी थेट प्रतिष्ठानला, आणि उघड झालेली खाजगी माहिती ती दडवण्याचा अधिकार असलेल्या सदस्यांना.