नांगर, साखळी आणि ‘खोल’ पाणी

मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचे, तेल काढायचे फलाट नांगरून ठेवलेले आहेत, असा समज अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत ऐकू येतो. तिथे पाणी साधारण ७५ मीटर, म्हणजे चाळीसेक वाव. १९७४ साली तेल लागल्यानंतर उभे राहिलेले फलाट पोलादी पायांवर आहेत आणि ते पाय तळात ठोकलेल्या पाइल्सनी, म्हणजे लांब पोलादी खांबांनी, धरलेले आहेत.

गोंधळ ‘खोल’ या शब्दाचा आहे. आपल्याकडे किनारा दिसेनासा झाला की खोल समुद्र. तेलाच्या धंद्यात ३०० ते ५०० मीटरच्या पुढे खोल आणि १५०० च्या पुढे अतिखोल. मुंबई हाय किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर असूनही उथळच, कारण मुंबईसमोरचा समुद्रतळ फार दूरवर हळूहळू उतरतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळात याच समुद्रात नांगर सुटून बुडाला तो कामगारांच्या राहण्याचा तरंगता बार्ज होता, फलाट नव्हे. सत्तरहून अधिक माणसं गेली. त्या दिवसांत दोन्ही गोष्टी एकच धरून लिहिलं गेलं, ते अजून खटकतं.

खऱ्या खोल पाण्यात फलाट तरंगतो आणि तिथेच साखळी-नांगराची जुनी रीत अडते. या रीतीत साखळीचा बराच भाग तळावर लोळतो, त्यामुळे नांगरावर ओढ आडवी येते आणि तो रुततो. पण १०० मिलिमीटर जाडीची साखळी मीटरला सव्वादोनशे किलोच्या आसपास भरते. १५०० मीटर लोंबली तर एकेका साखळीचे तीनशे टनांच्या आसपास वजन फलाटाच्याच गळ्यात.

यावर पॉलिएस्टरचा दोर हा उपाय १९९० च्या दशकात ब्राझीलच्या समुद्रात रुळला. मेक्सिकोच्या आखातात मात्र वर्षानुवर्षं खल चालला: दोर ताणून लांबेल का, वाळू आत शिरून धागे कापेल का? तपासायला दोराचा तुकडा काढता यावा, अशी अटही आली. माझ्या मते ही सावधगिरी रास्त होती. शेकडो माणसं ज्यावर विसंबतात तो दोर केवळ हलका आहे म्हणून स्वीकारायचा नसतो.

असा ताठ ताणून बांधलेला दोर नांगराला तिरका वर ओढतो. आपला मच्छीमार नांगर काढताना होडी त्याच्या डोक्यावर आणून नेमकं हेच करतो, वर ओढतो! म्हणून तिथे नांगराच्या जागी पोकळ पोलादी नळकांडं आलं: खाली उघडं, वर बंद. ते गाळावर टेकवायचं, आतलं पाणी पंपाने उपसायचं. बाहेरच्या पाण्याचा दाब त्याला गाळात दाबत नेतो. ही युक्ती १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर समुद्रात वापरात आली तेव्हा तिथलं पाणी मुंबई हायपेक्षाही उथळ होतं.