कोटा क्विकी वेगळी, सेकंड फीचर वेगळा

कृष्णधवल, जेमतेम तासाभराचा, धुक्यातलं लंडन, हॅट घातलेला इन्स्पेक्टर. असा स्वस्तातला ब्रिटिश गुन्हेपट दिसला की त्याला ‘कोटा क्विकी’ (कायद्याने ठरवलेला कोटा भरायला झटपट उरकलेला चित्रपट) म्हणून मोकळं व्हायची सवय आपल्या सिनेवेड्यांना आहे. मग तो १९३३ चा असो नाहीतर १९६१ चा. पहिला क्विकी, दुसरा ‘सेकंड फीचर’. पैशांची चणचण दोन्हीकडे होती, पण त्यामागची कारणं वेगळी.

क्विकी हे कायद्याचं अपत्य. १९२७ च्या कायद्याने वितरक आणि थिएटरवाले, दोघांवरही ब्रिटिश चित्रपटांचा ठरावीक वाटा बंधनकारक केला. लंडनमध्ये कचेऱ्या थाटलेल्या अमेरिकन कंपन्यांना विकायचे होते हॉलिवूडचे चित्रपट. ब्रिटिश चित्रपट हवा होता तो हिशेबात दाखवायला. कायदा फूट मोजत होता, दर्जा नाही. मग भाव फुटला: फुटाला एक पौंड. ३५ मिलिमीटरची फूटभर फिल्म पडद्यावर पाऊण सेकंदही टिकत नाही. सहा हजार फूट, म्हणजे साधारण ६६ मिनिटं, सहा हजार पौंडांत उरकायची. चित्रपट कुणी बघतं की नाही, याचं पैसे देणाऱ्याला सोयरसुतक नव्हतं. (तरी मायकेल पॉवेलसारख्या दिग्दर्शकाचा हात १९३१ ते १९३६ या काळात याच कामावर बसला, हेही खरं.) १९३८ च्या कायद्याने मजुरीवर किमान खर्चाची अट घातली आणि हा धंदा बसला.

सेकंड फीचरचं तसं नाही. एका तिकिटात दोन चित्रपट, त्यातला हा धाकटा. आपल्याकडे ‘बी ग्रेड’ ही शिवी आहे. तिथे ‘बी’ म्हणजे नुसती कार्यक्रमातली जागा. १९४८ च्या कायद्याने वितरकांवरचं बंधन काढलं, थिएटरवाल्यांवरचं ठेवलं: सुरुवातीला मुख्य चित्रपटांसाठी ४५ टक्के, जोडीच्या कार्यक्रमासाठी २५. म्हणजे कोटा होताच, आणि घोटाळा होतो तो इथेच. पण आता गिऱ्हाईक होता थिएटरवाला. त्याला कार्यक्रमातली जागा भरायची होती, आणि ती अशी की प्रेक्षक खुर्चीत चुळबुळणार नाही. भाडं बहुधा ठोक मिळायचं, गर्दी वाढली तरी निर्मात्याच्या हाती जास्त काही पडत नसे. म्हणून हात आखडता.

व्हर्नन सेवेलचा ‘द मॅन इन द बॅक सीट’ (१९६१) बघा. दोन पोरं कुत्र्यांच्या शर्यतीवरच्या एका बुकीला झोडपून त्याची पैशांची बॅग पळवायला जातात, तर बॅग साखळीने त्याच्या मनगटाला जखडलेली. मग काय, बॅगेसकट बुकी गाडीत, मागच्या सीटवर. रात्रभर हे दोघे त्याला घेऊन रस्तोरस्ती फिरतात. मोजके नट, एक गाडी, अंधार. गाडीत कोंडलेले ते दोघे एकमेकांवर खेकसू लागतात तेव्हा बजेटची आठवणही राहत नाही. फुटाच्या भावाने काम उरकणाऱ्याला हे सुचलं नसतं असं नाही, पण सुचून त्याला मिळालं काय असतं?

ओळखायचं असेल तर आधी साल बघा. आणि सुरुवातीलाच धुरात रहस्यकथाकार एडगर वॉलेसचा अर्धपुतळा संथपणे फिरताना दिसला, तर सालही बघायची गरज नाही: ती मर्टन पार्क स्टुडिओची १९६० नंतरची मालिका, पक्की सेकंड फीचर.