२१ दिवसांत माणूस बदलतो?

कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरणाऱ्यांपासून उद्यमनगरातल्या कारखान्यांच्या सुपरवायझरांपर्यंत एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: २१ दिवस आत्मपरीक्षणाची डायरी लिहा, नेतृत्व अंगी बाणतं.

हा आकडा मुळात सवयींचा नाहीच. अमेरिकी प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी १९६० मध्ये लिहिलं, की नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना साधारण किमान २१ दिवस लागतात. ‘किमान’ वाटेत कुठंतरी गळालं! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात खाण्यापिण्याच्या, व्यायामाच्या साध्या सवयींनाच सरासरी ६६ दिवस लागले. माणसागणिक अंदाज १८ ते २५४ दिवसांचा. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही दिसलं.

राहिली डायरी. ‘उद्यापासून शांत राहीन’ हा नुसता नवस. ‘कास्टिंग (ओतीव भाग) रिजेक्ट झाल्यावर हाताखालच्या पोरावर सगळ्यांदेखत ओरडलो, साच्याच्या वाळूतला ओलावा तपासलाच नाही’ ही खरी नोंद.