पाणी पिऊनही तोंड कोरडंच का?

मार्चचा शेवटचा आठवडा होता आणि नागपूरचा पारा चाळिशीला टेकला होता. मामांच्या ऑपरेशनला जेमतेम दोन महिने झाले होते. मोठं आतडं काढून लहान आतड्याचं टोक पोटाच्या कातडीवर आणलेलं, त्यावर पिशवी. हीच इलिओस्टोमी. दुपारी त्यांचा फोन आला. "सकाळपासून पाणी पिऊन राहिलो, संत्र्याचा ज्यूस झाला दोन गिलास, तरी तोंड कोरडंच. अन् पिशवी तासातासाला भरून राहिली."

मामी रोजचा आउटपुट, म्हणजे पिशवीत जमलेला द्रव, मापाच्या भांड्यात मोजून वहीत लिहितात. एरवी 700 मिलिलिटरच्या आसपास असणारा आकडा त्या दिवशी संध्याकाळीच दीड लिटरच्या वर गेला. घाम भरून काढायला प्यायलेलं पाणीच पिशवीत जात होतं.

आपल्या लहान आतड्यात दिवसाला आठ-नऊ लिटर द्रव येतो. त्यातलं दोनेक लिटर आपण प्यायलेलं असतं, बाकी लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस. बहुतेक सगळा द्रव लहान आतडंच शोषून घेतं. उरलेला लिटर-दीड लिटर मोठ्या आतड्याच्या वाट्याला येतो, आणि तिथे पाण्यासोबत मीठही परत रक्तात जातं. मोठं आतडं नसलं की ही शेवटची वसुली होत नाही. पिशवीतल्या एका लिटरमागे शरीराचं पाच-सहा ग्रॅम मीठ जातं, म्हणजे चहाचा एक चमचा. लहान आतडं हळूहळू सरावतं आणि आउटपुट साधारण 500 ते 800 मिलिलिटरवर स्थिरावतो, पण मिठाची गळती चालूच राहते.

लहान आतड्याच्या वरच्या भागाचं अस्तर जरा झिरपतं असतं. तिथे मीठ नसलेलं पाणी भरपूर आलं, की रक्तातलं सोडियम आतड्यात उतरतं आणि त्याच्यामागून पाणीही. ज्यूसमध्ये तर साखर भरपूर, मीठ जवळजवळ नाही. ती साखर आणखी पाणी ओढते. म्हणून आउटपुट वाढलेला असताना साध्या पाण्याचे गिलासावर गिलास रिचवणं उलटं पडतं. आउटपुट स्थिर असेल तर पाणी प्यायला काहीच हरकत नाही.

यावरचा उपाय मेडिकलच्या दुकानात काही रुपयांना मिळतो. ओआरएस. आतड्याच्या पेशींत असं एक दार आहे, ज्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात आणि पाण्यालाही सोबत नेतात. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी पटकीच्या हजारो रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी पाजलं, ते याच दारावर विसंबून. मामांनी डॉक्टरांना विचारून ओआरएस घोट घोट घ्यायला सुरुवात केली, जेवणात मीठ थोडं वाढवलं. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी मात्र हे आपल्या मनाने करू नये.

ताटातल्या पदार्थांचंही असंच. मऊ भात, केळं, बटाटा, दही यांनी आउटपुट घट्ट होतो. झणझणीत सावजी रस्सा, तळलेलं, गोड सरबतं यांनी पातळ. हे माणसागणिक बदलतं, म्हणून नवा पदार्थ एका वेळी एकच आणि थोडाच खाऊन पाहावा. बीट खाल्लं तर पिशवीत लाल दिसतं. मामी पहिल्यांदा घाबरल्याच होत्या.

माझ्या मते सगळ्यात जपायचं ते आतड्यात अन्न अडकण्याला. ऑपरेशननंतरचे सहा-आठ आठवडे आतडं सुजलेलं असतं. मक्याचे दाणे, ओलं-सुकं खोबरं, शेंगदाणे, तर्री पोह्यातल्या हरभऱ्यांची टरफलं यांचा न पचलेला चोथा तिथे गोळा होऊन बसतो. पिशवीत येणं थांबलं किंवा नुसतं पाणी येऊ लागलं, पोटात कळा आल्या, उलटी झाली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा.

आणि संत्र्याचा पापुद्राही त्यातलाच. मामांना संत्र्याशिवाय करमत नाही. आता जेवणानंतर ते खिडकीशी बसतात, एकेक फोड घेतात, पांढऱ्या शिरा ओढून काढतात, पापुद्रा नखाने चिरतात आणि आतला केशरी गर तेवढा सोडवून चावून चावून खातात. दोन फोडींना पाच मिनिटं लागतात. तिसरी ते मामींच्या हातावर ठेवतात.