नव्या उपचारांचा स्वीकार : सातारा-सांगलीतील सामाजिक व नैतिक प्रश्न

एखादी लस, औषध, तपासणी किंवा शस्त्रक्रिया वैद्यकशास्त्राने मान्य केली, तरी ती लोकांपर्यंत पोहोचताना संमती, खर्च, अब्रू आणि न्याय यांचे प्रश्न उभे राहतात. या नोंदीत त्यांचा विचार सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे. नवा उपचार अडतो तो लोकांच्या अडाणीपणापायी, असे सर्रास म्हटले जाते. या दोन जिल्ह्यांचा इतिहास पाहता हे निदान फार वरवरचे वाटते. घराच्या मनात आधीपासून असलेली इच्छा जे तंत्र पुरी करते, ते इथे कायदा धाब्यावर बसवून पसरले. ज्यासाठी घराला अब्रू, पैसा किंवा शरीरातला अवयव पणाला लावावा लागतो, ते मात्र वर्षानुवर्षे रेंगाळले.

वैद्यकीय सोयींच्या बाबतीत हा मुलूख मागे नव्हता. विल्यम वानलेस या मिशनरी शल्यविशारदांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले आणि पुढे हे गाव दवाखान्यांचे गाव म्हणूनच ओळखले जाऊ लागले. १९६२ मध्ये तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. सातारा जिल्ह्यात कराडलाही वैद्यकीय महाविद्यालय आहे. जत, अथणी, चिकोडी, विजापूर इकडचे रुग्ण आजही मिरजेचीच वाट धरतात. तेव्हा ‘डॉक्टरच नव्हते’ ही सबब इथे चालत नाही.

प्लेग आणि सर्पदंश

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि तो दख्खनभर पसरला. वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पण त्याच वर्षी साथरोग कायदा आला. घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण, सामानाची जाळपोळ सुरू झाली. लस टोचणारा आणि उंबरा ओलांडून आत शिरणारा शिपाई, दोघेही लोकांच्या लेखी एकाच सरकारची माणसे. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे दूषित लशीमुळे १९ जण धनुर्वाताने दगावले. त्या काळची लशीची धास्ती म्हणजे नुसती अंधश्रद्धा, असे म्हणणाऱ्यांनी ही घटना ध्यानात घ्यावी. सातारा जिल्ह्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले याच साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेल्या. साथीतले वैद्यकीय काम सक्तीविना, लोकांच्या विश्वासावर करता येते, हे त्यांच्या कामातून दिसते.

सर्पदंशाची गोष्ट वेगळी आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालणारे प्रतिविष आता सरकारी रुग्णालयांतून मिळते. मांत्रिकाकडे जाणे पूर्वीइतके राहिलेले नाही, आणि त्यात साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचा वाटा आहे. दाभोलकरांचे वैद्यकीय शिक्षण मिरजेतच झाले होते. त्यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला. अडचण आता दुसऱ्या टोकाला आहे. प्रतिविषाची रिॲक्शन येऊ शकते. अशा वेळी ती आटोक्यात आणणारे ॲड्रेनालिनचे इंजेक्शन हाताशी लागते आणि रुग्णाजवळ बसून राहावे लागते. काही बरेवाईट झाले तर बाहेर जमलेले नातेवाईक काय करतील, ही धास्ती लहान दवाखान्यातल्या एकट्या डॉक्टरला असते. मग ‘पुढं न्या’ म्हणून चिठ्ठी लिहिली जाते आणि हाताशी असलेला वेळ रस्त्यात जातो. दवाखान्यांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, पण रात्री दोन वाजता तो वॉर्डात हजर नसतो.

गर्भलिंगनिदान

सोनोग्राफी कुणाला पटवून द्यावी लागली नाही. तिच्यासाठी प्रचारफेरी निघाली नाही, की भिंती रंगल्या नाहीत. गर्भाची वाढ, वार कुठे आहे, जुळे आहे का, हे सगळे सांगणारे हे तंत्र सधन ऊसपट्ट्यात चटकन पोहोचले आणि त्याच पडद्यावर मुलगा की मुलगी हेही दिसू लागले. महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांआधी, गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि २००३ च्या दुरुस्तीने तो गर्भधारणेपूर्वीच्या निवडीलाही लागू झाला. तरीही राज्यात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली.

मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे एका गर्भवतीच्या मृत्यूचा तपास करताना पोलिसांना ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. गर्भपात करणारी व्यक्ती होमिओपॅथीची पदवीधर होती. तपासाचे धागे कर्नाटकात पोहोचले. म्हैसाळ सीमेला लागून आहे, आणि एका राज्यात तपासणी व दुसऱ्यात गर्भपात ही सोय दलालांना चांगली ठाऊक होती. असल्या व्यवहाराला गिऱ्हाईक जबरदस्तीने आणावे लागत नाही. ‘पहिली मुलगी आहे, आता एकदा बघून घेऊ’ हे वाक्य सुशिक्षित घरांत, अगदी सहज, सासूच्या तोंडून येते आणि सून ते निमूट ऐकते.

याच्याविरुद्धचे सर्वांत चिवट काम साताऱ्यातूनच झाले. ॲड. वर्षा देशपांडे यांच्या दलित महिला विकास मंडळाने ‘लेक लाडकी अभियाना’तून गर्भवती स्त्रियांना बनावट रुग्ण म्हणून पाठवून डॉक्टरांना रंगेहाथ पकडले. या कामासाठी त्यांना २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. या मोहिमेवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्त आहे : सोनोग्राफीवरची नजर कडक झाली की तिची खरी गरज असलेल्या बाईची तपासणी आणि कायदेशीर गर्भपात, दोन्ही अवघड होतात. कारवाईला घाबरलेला डॉक्टर सरसकट नकार देतो आणि बाई पुन्हा भोंदूच्या दारात जाते.

एचआयव्ही

सांगली हा एचआयव्हीचा प्रादुर्भाव जास्त असलेला जिल्हा होता. ‘संग्राम’ ही संस्था १९९२ पासून इथे देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबरोबर काम करते. १९९६ मध्ये त्या स्त्रियांनी आपली वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. निरोध वाटायचे आणि पटवायचे काम बाहेरच्या कार्यकर्त्यांऐवजी वस्तीतल्या बायकांनीच हाती घेतले. ज्यांच्याकडे रोगाचा ‘उगम’ म्हणून बोट दाखवले जात होते, त्यांनीच प्रतिबंधाचा धडा घालून दिला, आणि प्रतिष्ठित घरे मात्र तपासणीलाही राजी नव्हती.

१ एप्रिल २००४ पासून सरकारने एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. पैशाची अडचण गेली, अब्रूची उरली. गोळी रोज ठरलेल्या वेळी, जन्मभर घ्यायची असते. एकत्र कुटुंबात ती ठेवायची कुठे? कुणी पाकीट फाडून गोळ्या कॅल्शियमच्या डबीत भरतात, कुणी तांदळाच्या डब्यात पुरतात. गावचे कुणी रांगेत दिसू नये म्हणून आपला जिल्हा सोडून दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रात नाव घालणारेही आहेत. त्यांची एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे मोफत औषधाच्या हिशेबात धरले जात नाही. विधवा सुनेला औषधे मिळतात, पण सासरच्या जमिनीतला हिस्सा मागितला की तिचा आजार चावडीवर येतो. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने रुग्णाच्या संमतीविना त्याची माहिती उघड करण्यास मनाई केली. हा कायदा सप्टेंबर २०१८ मध्ये लागू झाला.

अवयव, पैसा आणि घाई

मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. देशात १९९५ ते २०२१ या काळातील ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी फक्त ६,९४५ स्त्रियांची होती. जिवंत दात्यांमध्ये मात्र आई, पत्नी, बहीण यांचाच भरणा. परवानगी देण्याआधी दात्याला ‘स्वखुशीने देता का?’ असे विचारले जाते. नवऱ्याच्या कमाईवर घर चालणारी बाई याला दुसरे काय उत्तर देणार?

राज्याच्या जीवनदायी योजनेने, जी २०१७ पासून महात्मा फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते, महागड्या शस्त्रक्रिया सामान्य घरांच्या आवाक्यात आणल्या. योजनेच्या यादीत जे नाही, ते घराला सोने मोडून किंवा शेत गहाण ठेवून करावे लागते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत तर यादीचाही प्रश्न उरला नव्हता. एप्रिल २०२१ मध्ये नातेवाईक रेमडेसिविर हे औषध आणि बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तातला प्लाझ्मा यांसाठी वणवण करत होते. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच रेमडेसिविरची शिफारस नसल्याचे सांगितले होते. प्लाझ्माने मृत्यू टळत नाहीत हे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ४६४ रुग्णांवरील चाचणीत दिसले होते. तरी प्लाझ्मा अधिकृत उपचारपद्धतीतून वगळायला मे २०२१ उजाडला. चिठ्ठी लिहून न देणारा डॉक्टर ‘काहीच करत नाही’ असा ठरे, म्हणून अनेकांनी ती लिहिली. नव्या उपचाराला नाही म्हणण्याचे धाडस डॉक्टरने करावे आणि घराने ते ऐकून घ्यावे, यासाठी दोघांत जो विश्वास लागतो, तो साथीच्या गर्दीत तयार होत नाही.

संमती

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले की एका प्रक्रियेला दिलेली संमती दुसरीला लागू होत नाही, आणि सज्ञान, शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या वतीने दुसऱ्याने संमती देणे पुरेसे नाही. व्यवहारात मात्र फॉर्म नवऱ्याच्या किंवा थोरल्या दिराच्या हातात जातो. ‘डॉक्टरसाहेब, तुम्हीच काय ते ठरवा, सही कुठं करायची तेवढं सांगा,’ इथे चर्चा संपते. ऊस हंगामात या जिल्ह्यांच्या कारखान्यांवर बीडकडून येणाऱ्या ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये राज्याला चौकशी करावी लागली. त्या शस्त्रक्रियांना कागदावर संमती होतीच. खाडा झाला की मजुरी कापणाऱ्या मुकादमाचे नाव त्या कागदावर कुठे नव्हते.

औषधचाचण्यांसाठी २०१९ च्या नियमांनी बंधने घट्ट केली. चाचणीला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात सदस्य हवेत, त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री आणि एक कायदेतज्ज्ञ असावा, आणि निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे असावेत. माहितीपत्रक रुग्णाला समजेल अशा भाषेत हवे, आणि त्याला वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार संपूर्ण वेळ हजर हवा. अथणीहून मिरजेत आलेल्या कन्नडभाषक बाईच्या बाबतीत हा साक्षीदार अनेकदा सोबतचा दीरच असतो. तो तिला काय सांगतो हे मराठी डॉक्टरला कळत नाही. वॉर्डात कन्नड जाणणारी नर्स असेल तर तिला बोलावले जाते, पण ते तिच्या ड्युटीच्या कामात मोडत नाही.